मोटारीची चालक-प्रणाली : एकरकमी घ्यावी की महिनेवारीने?

पूर्वी मोटार घेतली म्हणजे ती सबंध आपली होत असे. इंजिन, चाके, दिवे, गाद्या, सारे एकाच पावतीत येई. आता तसे राहिलेले नाही. गाडीत कॅमेरे, संगणक व तारा कारखान्यातच बसवलेल्या असतात. परंतु त्यांना कामाला लावणारी प्रणाली, जिला सॉफ्टवेअर म्हणतात, ती कारखानदार कुलपात ठेवतो आणि कुलूप उघडण्याचे दाम निराळे घेतो. हे दाम कोठे एकरकमी असते, कोठे महिनेवारी, तर कोठे दोन्ही पर्याय गिऱ्हाइकापुढे ठेवलेले असतात. या दोहोंचा हिशेब कसा मांडावा, हा आजच्या लेखाचा विषय आहे. उदाहरणासाठी आम्ही अमेरिकेच्या टेस्ला कंपनीची ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ ही प्रणाली निवडली आहे. कारण एकच माल, एकच विक्रेता आणि सुमारे दहा वर्षांचे उघड भाव, असे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

वाचकबंधू विचारतील, ही विलायती गाडी कोठे आणि आपला कापडाच्या ताग्यांचा, फर्निचरचा, भांड्यांचा धंदा कोठे? संबंध आहे. या कंपनीने १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात भारतातील आपले पहिले दालन उघडले. तेव्हा ‘मॉडेल वाय’ या गाडीचा भाव ५९ लाख ८९ हजार रुपयांपासून पुढे होता आणि या चालक-प्रणालीसाठी वर आणखी ६ लाख रुपये सांगितले गेले. म्हणजे गाडीच्या किमतीचा दहावा हिस्सा! ज्या दिवशी हा भाव लागला त्या दिवशी ही प्रणाली आपल्या रस्त्यांवर सुरूही नव्हती.

बरे, एवढी मोठी गाडी सोडून द्या. आपल्या मुनीमजींच्या संगणकातील टॅली पाहा. तिचा परवाना कायमचाही मिळतो आणि मुदतीच्या भाड्यानेही. एथरची विजेवरची स्कूटर घेणाऱ्याला २०२३ पासून ‘प्रो पॅक’चे पैसे वेगळे सांगितले जाऊ लागले, ते न भरल्यास गाडी चालते, पण तिच्या काही सोयी बंद राहतात. एकूण काय, हा प्रश्न कारागिराच्या दारापर्यंत आलेला आहे. मोठ्या गाडीवर तो नीट समजून घेतला की लहान वस्तूवर सोडवणे कठीण जात नाही.

माल नेमका कोणता?

सौद्याला बसण्यापूर्वी माल उलगडून पाहावा, हा आपला जुना रिवाज. या मालाचे नाव ‘फुल’ म्हणजे संपूर्ण. प्रत्यक्षात ही प्रणाली सुकाणू वळवते, ब्रेक लावते, सिग्नलला थांबते, गल्लीत वळते. पण चालकाने समोर पाहत राहावे आणि क्षणात ताबा घ्यावा, अशी अट आहे. चालकाचे लक्ष आहे की नाही हे पाहायला गाडीतच एक कॅमेरा असतो. २०२४ मध्ये कंपनीने स्वतःच नावापुढे ‘सुपरवाइज्ड’ हा शब्द जोडला, म्हणजे ‘देखरेखीखाली’. जो माल देखरेखीशिवाय चालत नाही त्याला संपूर्ण म्हणणे आमच्या बाजारात तरी चालले नसते.

मोटार-अभियंत्यांच्या संघटनेने अशा प्रणालींच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. टेस्लाची ही प्रणाली दुसऱ्या पायरीवर मोडते. दुसरी पायरी म्हणजे यंत्र मदतनीस आणि जबाबदार माणूस. तिसऱ्या पायरीवर ठराविक परिस्थितीत यंत्राच्या कारभाराची जबाबदारी बनवणाऱ्यावर येते. मर्सिडीज कंपनीला २०२३ मध्ये नेवाडा व कॅलिफोर्निया या राज्यांत अशा प्रणालीची परवानगी मिळाली. ती ठरलेल्या महामार्गांवर, ताशी ४० मैलांच्या आत, गर्दीत हळू चालणाऱ्या रहदारीपुरतीच होती आणि तिचे दाम वर्षाला २,५०० डॉलर सांगितले गेले. काम थोडे, पण तेवढ्यापुरती जोखीम विक्रेत्याने आपल्या अंगावर घेतलेली. तेव्हा दोन भाव शेजारी ठेवून एक स्वस्त आणि एक महाग म्हणण्याआधी, अपघात झाल्यास जबाब कोणी द्यायचा हे विचारले पाहिजे.

हा प्रश्न कागदी नाही. फ्लोरिडा राज्यात २०१९ साली एका टेस्ला गाडीने रस्त्याकडेला उभ्या असलेल्या जोडप्याला उडवले. बावीस वर्षांची तरुणी मरण पावली, तिचा साथीदार गंभीर जखमी झाला. गाडीत कंपनीची जुनी, साधी ‘ऑटोपायलट’ प्रणाली सुरू होती आणि चालक खाली पडलेला फोन शोधत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या न्यायालयात ज्युरीने एक तृतीयांश दोष कंपनीवर ठेवला आणि दंडासह सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर तिच्याकडून देववले. कंपनीने तो निकाल मान्य केला नाही. पण दोषाची वाटणी नीट पाहावी : उरलेले दोन तृतीयांश चालकाच्या माथी गेले. प्रणाली एकरकमी घेतलेली असो वा भाड्याने, सुकाणूमागे बसणाऱ्याचा हिस्सा त्याने कमी होत नाही. आपल्या मुलाला किंवा ड्रायव्हरला अशी गाडी देणाऱ्याने ही वाटणी आधी समजावून सांगावी.

भावाची चढउतार

आता आकड्यांकडे वळू. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ही प्रणाली विकायला काढली तेव्हा आधी ५,००० डॉलरची सुधारित ऑटोपायलट घ्यावी लागे आणि तिच्यावर ३,००० डॉलर भरावे लागत. २०१९ च्या अखेरीस भाव ७,००० डॉलर होता. जुलै २०२० मध्ये ८,०००, त्याच वर्षी ऑक्टोबरात १०,०००, जानेवारी २०२२ मध्ये १२,००० आणि सप्टेंबर २०२२ मध्ये १५,००० डॉलर झाला. गिऱ्हाइकाला सतत हेच सांगितले जात होते की आज घ्या, उद्या महाग होईल. काही वर्षे ते खरेही ठरले. मग सप्टेंबर २०२३ मध्ये भाव १२,००० वर आला आणि एप्रिल २०२४ मध्ये ८,००० वर.

महिनेवारीची सोय जुलै २०२१ मध्ये सुरू झाली, दरमहा १९९ डॉलर. ज्यांनी सुधारित ऑटोपायलट आधी घेतलेली होती त्यांना ९९ डॉलर. एप्रिल २०२४ मध्ये सर्वांसाठीच ९९ डॉलर झाले.

साधा भागाकार करू. जुलै २०२१ मध्ये किंमत १०,००० आणि भाडे १९९. म्हणजे पन्नास महिन्यांनी, चार वर्षांहून थोड्या अधिक काळाने, खरेदीची भरपाई होणार. चार-पाच वर्षे गाडी ठेवणाऱ्याला खरेदी वाजवी वाटावी असाच हा हिशेब होता. सप्टेंबर २०२२ नंतर १५,००० भागिले १९९, म्हणजे पंचाहत्तर महिने. एप्रिल २०२४ नंतर ८,००० भागिले ९९, म्हणजे एक्याऐंशी महिने, पावणेसात वर्षे. किंमत निम्म्यावर आली तरी भरपाईचा काळ वाढला, कारण भाडेही निम्मे झाले. नुसता भाव उतरला म्हणून माल घेण्याजोगा झाला असे समजणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

आता एक काल्पनिक जोडी घेऊ. दोघांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये सारखीच गाडी घेतली. एकाने १५,००० डॉलर मोजले, दुसऱ्याने महिनेवारी धरली. दुसऱ्याचे २०२५ अखेरपर्यंत ५,७०० डॉलरच्या आसपास गेले. पहिल्याच्या रकमेची बरोबरी व्हायला दुसऱ्याला त्याच ९९ च्या दराने आणखी सुमारे आठ वर्षे भरावे लागेल. तोवर गाडी अकरा वर्षांची होईल. यात व्याजाचा भाग आम्ही धरलेला नाही आणि धरणारही नाही. पण ज्याची रक्कम अडकते त्याचा माल फिरत नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. आणि दुसऱ्याने तरी दर महिन्याला कशाला भरावे? वर्षातून तीन लांबचे प्रवास असतील तर तीन महिने घ्यावे आणि बाकी नऊ महिने बंद ठेवावे. तीन महिन्यांचे २९७ डॉलर होतात. या चालीने ८,००० डॉलर संपायला सत्तावीस वर्षे लागतील.

भागाकारात न दिसणारी कलमे

इथवरचा हिशेब शाळकरी मुलगाही करील. खरी गोम पुढे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे एकरकमी खरेदी गाडीला चिकटते, माणसाला नाही. गाडी विकली की प्रणाली तिच्याबरोबर गेली. नव्या गाडीसाठी पुन्हा पैसे. २०२३ मध्ये कंपनीने ती नव्या गाडीवर नेण्याची सवलत काही महिन्यांसाठी दिली आणि पुढेही अधूनमधून दिली, परंतु सवलत म्हणजे हक्क नव्हे. बरे, विकताना तिचे पैसे सुटतात का? विक्रेता स्वतःच ९९ डॉलरला तीच सोय नव्याने देत असताना जुन्या गाडीच्या गिऱ्हाइकाने तिच्यासाठी हजारो डॉलर जादा का मोजावेत? शिवाय किल्ली शेवटपर्यंत विक्रेत्याच्या हातात असते. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेत एक प्रकरण गाजले. एका मोटार-व्यापाऱ्याने कंपनीच्या लिलावातून जुनी ‘मॉडेल एस’ घेतली, तिच्या किमतीच्या पत्रकात या सोयी लिहिलेल्या होत्या. त्याने ती पुढे विकली. कंपनीने दुरूनच त्या सोयी काढून घेतल्या आणि नव्या मालकाला सांगितले की तुम्ही यांचे पैसे भरलेले नाहीत. वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर त्या परत मिळाल्या. कापड एकदा दुकानातून गेले की आम्हाला ते गिऱ्हाइकाच्या अंगावरून उतरवता येत नाही. या धंद्यात उतरवता येते, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दुसरी गोष्ट यंत्राची. प्रणाली चालायला गाडीतला संगणक ताकदवान लागतो आणि तो दर काही वर्षांनी मागे पडतो. येथे मात्र एकरकमी घेणाऱ्याची बाजू वरचढ ठरली, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ज्यांनी २०१६ ते २०१९ च्या गाड्यांवर प्रणाली विकत घेतली होती त्यांना पुढचा संगणक फुकट बसवून मिळाला. २०२१ मध्ये महिनेवारीने येऊ पाहणाऱ्या जुन्या गाडीवाल्यांना त्यासाठी आधी १,५०० आणि नंतर १,००० डॉलर सांगितले गेले. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीचे प्रमुख एलॉन मस्क यांनी कबूल केले की तो पुढचा संगणकही अपुरा पडणार आणि खरेदीदारांना तो बदलून द्यावा लागेल. भाडेकऱ्यांना असा शब्द दिलेला नाही. ज्याच्याकडे विकत घेतल्याची पावती आहे तो निदान तगादा लावू शकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत जड आहे. एकरकमी पैसे घेतले गेले ते आजच्या मालासाठी कमी आणि उद्याच्या मालासाठी अधिक. २०१६ मध्ये सांगितले गेले की २०१७ संपण्यापूर्वी गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला आपोआप जाऊन दाखवील. ते झाले नाही. एप्रिल २०१९ मध्ये सांगितले गेले की पुढील वर्षी दहा लाखांहून अधिक चालकविरहित टॅक्स्या रस्त्यावर येतील, गिऱ्हाइकाची गाडी त्याच्यासाठी कमाई करील आणि तिची किंमत घटण्याऐवजी वाढेल. जून २०२५ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहरात अशी टॅक्सी-सेवा सुरू झाली खरी, पण कंपनीच्या स्वतःच्या थोड्या गाड्यांवर आणि शेजारच्या आसनावर कंपनीचा माणूस बसवून. चीनमध्ये ६४,००० युआन भरून प्रणाली घेणाऱ्यांना शहरातील रस्त्यांवरचे तिचे काम फेब्रुवारी २०२५ पर्यंत मिळालेच नव्हते.

आपल्या भाषेत सांगायचे तर हा कोरे ग्रे कापड देऊन रंगाईचे पैसे आधीच घेण्याचा प्रकार आहे. रंग कधी चढेल, पक्का चढेल की कच्चा, तारीख नाही, नमुना नाही. आपणही आगाऊ रक्कम देतो, बयाणा देतो. परंतु त्यात मालाची जात, वजन, मीटर आणि पोचवण्याचा दिवस ठरलेला असतो आणि दिवस टळला तर दलालाच्या साक्षीने बोलता येते. येथे दिवसच ठरलेला नाही. मग बोलणार कशाच्या आधारावर? कॅलिफोर्नियातील काही खरेदीदार याच तक्रारीवरून न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायाधीशांनी त्यांना एकत्रितपणे दावा चालवण्याची परवानगी दिली. मात्र ती करारातल्या लवादाच्या कलमाने बांधल्या न गेलेल्यांनाच मिळाली. बारीक अक्षरांत छापलेले एक कलम माणसाला कचेरीच्या आत किंवा बाहेर ठेवते, ते असे.

महिनेवारी देणारा या फेऱ्यातून सुटतो. त्याला आजच्या मालाचेच दाम द्यावे लागते. माल सुधारला तर तो सुधारलेला वापरतो, बिघडला तर पुढच्या महिन्यात बंद करतो. वायदा पाळण्याची निकड त्याच्यामुळे विक्रेत्यावर राहते. एकरकमी देणाऱ्याने ती पैशांबरोबरच विक्रेत्याच्या हवाली केलेली असते. म्हणून अपुऱ्या मालाच्या बाबतीत आमचे मत महिनेवारीच्या बाजूने आहे.

याचा अर्थ एकरकमी खरेदी नेहमीच वाईट असा नाही. फोर्ड कंपनीची ‘ब्लूक्रूझ’ ही प्रणाली ठरलेल्या महामार्गांवर हात सोडून गाडी चालवू देते, त्याहून मोठा दावा करत नाही. २०२४ मध्ये तिचा भाव एकरकमी २,४९५ डॉलर, वर्षाला ४९५ किंवा महिन्याला सुमारे ५० डॉलर होता. माल ठरलेला, आज मिळणारा आणि पाच वर्षांत भरपाई. जो रोज महामार्गाने जातो आणि गाडी आठ-दहा वर्षे वापरतो, त्याने एकरकमी घेतली तर आम्ही त्याला नावे ठेवणार नाही.

विक्रेत्याने विक्री का थांबवली?

जानेवारी २०२६ मध्ये मस्क यांनी जाहीर केले की १४ फेब्रुवारीनंतर ही प्रणाली एकरकमी विकली जाणार नाही, फक्त महिनेवारीने मिळेल. ज्या कंपनीने वर्षानुवर्षे ‘आज घ्या’ म्हटले तिनेच गल्ल्यावरचे हजारो डॉलर का नाकारावे? नोव्हेंबर २०२५ मध्ये भागधारकांनी मस्क यांच्या मोबदल्याची जी प्रचंड योजना मंजूर केली तिच्या टप्प्यांपैकी एक आहे या प्रणालीच्या एक कोटी चालू वर्गण्या. शिवाय एकदा विकलेल्या मालावर वर्षानुवर्षे संगणक बदलून देण्याची आणि दाव्यांची टांगती तलवार राहते. भाड्याच्या मालावर ती फारशी राहत नाही. म्हणजे जे कारण गिऱ्हाइकाला महिनेवारीकडे नेते तेच, उलट बाजूने, विक्रेत्यालाही तिकडे नेत आहे.

आणि येथेच भाडेकऱ्याने सावध व्हावे. त्याच महिन्यात मस्क यांनी असेही सांगितले की प्रणाली सुधारत जाईल तसे ९९ डॉलरचे भाडे वाढेल. दोन पर्याय होते तोवर एक दुसऱ्याला आवरून धरत होता. भाडे फार वाढवले असते तर गिऱ्हाईक एकरकमीकडे वळले असते. आता ते दार लागले. ज्या गल्लीत एकच घरमालक आहे तेथे भाडे कोण ठरवतो, हे भाड्याच्या गाळ्यात लूम चालवणाऱ्या आमच्या बांधवांना चांगले ठाऊक आहे. तरी या भाडेकऱ्याला एक सोय आहे : गाळा सोडला तर धंदा उठतो, ही प्रणाली सोडली तर गाडी पूर्वीसारखी हाताने चालते. सवय मात्र लावून घेऊ नये. भाडे वाढले की एक महिना बंद ठेवून पाहावे. काम अडले नाही तर ती गरज नव्हती असे समजावे.

आपल्याकडचे म्हणाल तर, जी सोय आपल्या रस्त्यावर सुरूच नाही तिच्यासाठी लाखांची रक्कम आधी देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. टॅली, स्कूटरचा पॅक, यंत्रावरचे डिझाइनचे सॉफ्टवेअर, काहीही घेताना विक्रेत्याला लेखी विचारावे की वस्तू विकली तर परवाना नव्या मालकाकडे जाईल काय, यंत्र जुने झाले तर नव्यावर चढवून मिळेल काय, आणि भाडे थकले तर साठवलेला हिशेब व नमुने आपल्याला पाहता येतील काय. शेवटचा प्रश्न कारागीर हमखास विसरतात. विक्रेत्याचे पत्रक, जाहिरात व भाव खरेदीच्या दिवशीच छापून फायलीत लावावे. संकेतस्थळावरचा मजकूर उद्या बदलतो.

बिल कोणाच्या नावाने करावे हेही आधी ठरवावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ धरला जात नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी स्वतः वापरणारा मात्र धरला जातो. पेढीच्या नावाने घेतलेली गाडी आणि त्यावरची प्रणाली यांची तक्रार ग्राहक आयोगासमोर नेली, तर समोरचा वकील पहिले बोट तेथेच ठेवील. एकटा लूम चालवणारा कारागीर स्वतःच्या मशिनसाठी सॉफ्टवेअर घेतो, त्याला हे दार उघडे आहे. पण स्वतः वापरतो आणि पोट त्यावरच आहे हे दाखवणारे कागद, वीजबिल व उद्यम नोंदणी त्याने जवळ ठेवावी.